रविवारचं खत

निळसर पाण्याचे थेंब नयनच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर पडले आणि तो शर्ट हातात धरून नयन तिसऱ्या मजल्यावर भांडायला गेला. दार संचिताने उघडलं. हातात स्प्रेची बाटली, केसांत नारळाच्या सोडणाचा धागा अडकलेला... भांडण तिथेच निम्मं संपलं.

"हे काय पडतंय वरून?" त्याने आवाज जमेल तेवढा कडक ठेवला.

"खत आहे. ऑर्किडचं."

"मग आता शर्टाला फुलं येणार का?"

"येतील की. पण दर रविवारी थोडं थोडं घालावं लागेल," ती म्हणाली आणि मग ओशाळून सॉरीही म्हणाली.

शहाण्या माणसाने यानंतर रविवारी कपडे घरात वाळत घातले असते. नयनने पुढच्या रविवारी आपले सगळे शर्ट बाहेरच्या दांडीवर ओळीने घातले आणि थेंब कधी पडतात याची वाट बघत बसला. मुलगा कामातून गेला होता, दुसरं काही नाही.

डोंबिवलीच्या त्या जुन्या इमारतीत मग दर रविवारी सकाळी तक्रार वर जायची आणि चहा पिऊन खाली यायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. ग्रिलला टांगलेल्या कुंड्यांना आधी साधं पाणी द्यायचं आणि मगच पातळ खत, कारण कोरड्या मुळांना खत लागलं की ती भाजतात, हे संचिताने त्याला शिकवलं. त्याने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कुंड्यांत घालायला कोळशाचे तुकडे आणून दिले. चंदेरी मुळं पाणी पिऊन हळूहळू हिरवी होतात... ते बघायला दोघं इतकी जवळ वाकायची की मुळांकडे कोणाचंच लक्ष नसायचं.

"एवढंसं खाऊन पुरतं यांना?" त्याने एकदा विचारलं.

"पुरतं. जास्त दिलं की नुसती पानं वाढतात, फूल येत नाही."

"आणि मला?"

"तुला काय?"

"...चहा. चहा देतेस का, विचारत होतो."

असंच व्हायचं. बोलायचं ते ओठांवर यायचं आणि चहाबरोबर गिळलं जायचं. रविवार काय, पुन्हा येणारच आहे, असं दोघांनाही वाटायचं.

मग एके दिवशी जिन्यात नयनची आई भेटली. "काय जादू केलीस गं? दर रविवारी हा वरच. मला मेलीला त्याचे शर्ट दोनदा धुवावे लागतात," असं त्या हसत हसत म्हणाल्या. संचिताला त्यातलं फक्त शर्टांचं ऐकू आलं. मनातल्या मनात ती या बाईंना केव्हाच सासूबाई म्हणून बसली होती. होणाऱ्या सासूला आपल्यापायी धुणं वाढलं, या विचाराने ती कानकोंडी झाली. त्याच संध्याकाळी तिने प्लॅस्टिकच्या ताटल्या आणल्या आणि एकेका कुंडीखाली तारेने बांधल्या. आता खाली थेंबही पडणार नव्हता. शिवाय मनात एक लबाड आशाही होती — आता तो येईल तो थेंबांसाठी नाही, आपल्यासाठी येईल.

रविवारी तिने खत घातलं, आलं किसून चहा ठेवला. तो आला नाही. खाली नयन मान वर करून उभा होता. त्याला ताटल्या दिसल्या. आपण वर येऊ नये म्हणून केलेली सोय, असा त्याने त्याचा अर्थ लावला आणि मुकाट्याने शर्ट आत घेतले. पुढचे रविवारही तसेच गेले. तिला वाटे, त्याने यावं. त्याला वाटे, तिने बोलवावं. मध्ये एक जिना होता, तोही दोघांना चढता-उतरता येईना. मला अशा माणसांचा भयंकर राग येतो, आणि वाईटही तितकंच वाटतं.

ताटल्यांत पाणी साचत राहिलं. ऑर्किडला ओलावा हवा पण साचलेलं पाणी नको, हे संचिताला पक्कं माहीत होतं. पण तिचं लक्ष कुंड्यांत नव्हतं, दाराकडे होतं. एका रोपाची पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा तिला खरं तर बरंच वाटलं. निदान निमित्त तरी मिळालं. ते रोप घेऊन ती खाली गेली.

दार सताड उघडं होतं. आत बोचकी बांधलेली होती आणि फाटकाशी टेम्पो उभा होता.

नयनने रोप हातात घेतलं, एक मूळ दाबून बघितलं. ते बोटात विरघळल्यासारखं झालं. "पाणी साचू द्यायचं नाही, हे तूच शिकवलेलंस ना?"

"हो."

"मग ताटल्या कशाला लावल्यास?"

"काकूंना त्रास नको म्हणून... आणि तू असाच येशील म्हणून."

त्याने रोप उंबऱ्यावर ठेवलं. "मला वाटलेलं, मी येऊ नये म्हणून."

कुठे निघालात, असं तिने विचारलं. कोपरीला, तो म्हणाला. ऑफिस जवळ पडेल. मग खाली बघत म्हणाला, "आणि... गुरुवारी सुपारी फुटली. चिपळूणची मुलगी आहे."

"मला तू आवडतोस नयन," संचिता म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की एवढ्याशा वाक्याला आपण इतके रविवार का घालवले, हे तिचं तिलाच कळेना. "तिला नाही म्हणशील?"

"ती फोनवर इतकी खूश असते गं. तिची काय चूक?"

त्याने हो म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि तो हो म्हणाला असता तर तिला तो थोडा कमी आवडला असता. दोन्ही खरं होतं. पण त्यामुळे आता काहीच फरक पडत नव्हता.

तेवढ्यात काकू आतून बोचकं ओढत आल्या. "आलीस होय? बरं झालं. अगं, मी तर तुझ्या बाबांशी बोलायला वर येणार होते. नेसायला साडीपण काढून ठेवलेली. हाच म्हणाला, नको आई, तिच्या मनात नाहीये."

नयन पाठमोरा होऊन दोरीची गाठ आवळत राहिला.

"द्या काकू, जड आहे," संचिता म्हणाली आणि बोचकं उचलून टेम्पोपर्यंत नेऊन ठेवलं.