सागरदेवी आणि पडदेवाला

"जरा हे टोक धरता?... दोन्ही हातांनी. आणि श्वाससुद्धा बेतानं घ्या!"

दारात उभ्या अनोळखी माणसाला तिनं हुकूमच सोडला. संग्रहालयातल्या जुन्या छापील चित्रांची डागडुजी हे तिचं काम. डाग धुवून पाण्यातून नुकताच वर काढलेला, दोन-अडीचशे वर्षांचा कागद हातात, आणि मदतीला चिटपाखरू नाही. तो निमूट पुढे आला. दोघांनी कागद टिपकागदावर अलगद निजवला.

शिंपल्याच्या रथात उभी सागरदेवी, रथाला जुंपलेले डॉल्फिन, वर धनुष्य ताणलेली गुबगुबीत पोरं... कुण्या महालाच्या भिंतीवरचं रंगीत चित्र एका कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलं होतं.

"रंगाचा टिपूस नाही, तरी खांदा कसा उजळलाय बघा!" तो म्हणाला. "नुसत्या रेघा — जाड होतात, बारीक होतात..."

इतकी वर्षं ती हे कागद हाताळत होती. पण त्या खांद्यावरचं ऊन तिला आज दिसलं.

तो नाटकांचे पडदे रंगवायचा. नव्या पडद्यासाठी समुद्र शोधत आला होता.

"मूळ चित्र भिंतीवर पाहिलंय मी," तो ऐटीत म्हणाला. "देवी अगदी अशीच उजवीकडे बघते."

तिनं ओठ चावून हसू आवरलं. छापात हे चित्र आरशातल्यासारखं उलटं उतरलं होतं. भिंतीवरची देवी डावीकडे बघत होती. गडी शुद्ध थाप मारत होता! पण डोळे असे चमकत होते त्याचे... ती गप्प बसली.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. ती एकेक गठ्ठा सोडायची, तो एकेका देवावर जीव ओवाळून टाकायचा. विभागाच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "पडदेवाले, पडदाच रंगतोय ना?"

एके दुपारी तो उंबऱ्यातच थबकला.

"उद्या आमची नाटक मंडळी दुसऱ्या गावी निघाली. त्याआधी एक सांगायचंय... मी ते चित्र कधी पाहिलेलंच नाही."

"ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून." तिनं उलट्या छापाची गोष्ट सांगितली. त्याचे कान लालबुंद झाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर... पुन्हा तोंड दाखवलं असतं तुम्ही?"

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "इथल्या नाट्यगृहात काम मिळतंय मला. तुम्ही म्हणालात, तर... राहीन. कायमचा."

तिचे ओले हात तसेच राहिले.

"मला काय विचारतोस? आधी आईशी येऊन बोल."

बोल...! 'बोला' म्हणायचं राहूनच गेलं होतं. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं.