लाल दिवा लागतो, आवाज येत नाही

खरं सांगू? आमची पहिली भेट झाली तेव्हा मी चोरी करत होते.

शाळेच्या सूचनाफलकावर, हरवलेली छत्री आणि बदललेलं वेळापत्रक यांच्या मधोमध एक कागद लावला होता. ‘बेस गिटारचा छोटा अ‍ॅम्प विकणे आहे. सरावापुरता. आकार दप्तराएवढा. आवाज आकाराच्या मानाने उद्धट. किंमत परवडेल.’ खाली नंबर. मी तो तीनदा वाचला आणि दुसऱ्या कुणी वाचायच्या आत चारही टाचण्या काढून कागदच खिशात कोंबायला लागले.

“लोक नंबर लिहून घेतात,” मागून आवाज आला. “तू तर जाहिरातच घेऊन चाललीस!”

मी वळले. खांद्यावर केबलचं वेटोळं, दातांत चिकटपट्टीचा तुकडा आणि डोळ्यांत हसू... हा फ्यूज. सातवीत असताना त्याने अख्ख्या सभागृहाची वीज घालवली होती, तेव्हापासूनचं नाव. गंमत म्हणजे त्यानंतर शाळेतला एकही माइक त्याच्याशिवाय लागलेला नाही. माझ्याहून एक वर्ष पुढे, म्हणजे शाळेतलं शेवटचं वर्ष.

“अ‍ॅम्प तुझा आहे?”

“होता. तू आता कागद परत लावणार नाहीस, म्हणजे तुझाच झाला, मुंगी.”

मला वर्गात मुंगी म्हणतात. बुटकी, गप्प आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठी गिटार. पण हे वर्गातलं नाव याला कसं ठाऊक? विचारायचं होतं. नुसत्याच टाचण्या मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी त्याने अ‍ॅम्प आणला. गिटारचा आवाज मोठा करणारा काळा डबा, एका कोपऱ्यात जाळीचं कापड उसवलेलं, पुढे पाच बटणं. आवाजाच्या बटणापाशी, चारच्या आकड्यावर, पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका.

“हा कशाला?”

“तिथे तो सगळ्यात गोड बोलतो. सहाच्या पुढे नेऊ नकोस, खोकायला लागतो.”

“आणि तू का विकतोयस?”

“मला वाजवण्यापेक्षा दुसऱ्याचा आवाज नीट लावायला आवडतं.” मग जरा थांबून म्हणाला, “जपशील ना?”

“पोटच्या पोरासारखा!” मी म्हणाले, आणि आपण हे काय बोललो म्हणून कानांपर्यंत लाल झाले. तो इतका हसला की दातांतली नेहमीची चिकटपट्टी पडली.

माझी आई रुग्णालयात नर्स आहे, कायम रात्रपाळीला. त्यामुळे मी शाळेतून येते तेव्हा घरात आई झोपलेली असते आणि आमचं घर म्हणजे दीड खोली. मग सराव कसा करायचा? हेडफोन! अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला हेडफोनची जागा होती, पण जुन्या पद्धतीची, मोठ्या भोकाची. माझ्या हेडफोनची पिन बारीक. म्हणून मी बोटाच्या पेराएवढा एक काळा कनेक्टर आणला. तो आधी भोकात घालायचा आणि मग त्यात हेडफोन. एवढं केलं की बाहेर चिटपाखरालाही कळत नाही आणि आपल्या डोक्यात मात्र भूकंप.

तीन महिने मी त्या भूकंपात राहिले. बेस वाजवायला लागले आणि कुणास ठाऊक कसं, पण माझी मान वर झाली. वर्गात हात वर करायला लागले. रिक्षावाल्याशी भांडून आले एकदा, चक्क जिंकून! माझी मैत्रीण ढम्म (ती ड्रम वाजवते, आणि चालतेही तशीच) म्हणाली, “मुंगीला पंख फुटले गं!” फ्यूज जिन्यात भेटला की भुवया उडवून विचारायचा, “पोर कसं आहे?” मी म्हणायचे, “दंगा करतं. बापावर गेलंय.” आणि मग दोघंही दोन दिशांना पळायचो.

एवढं सगळं छान चाललं होतं. मग तो शुक्रवार आला.

वार्षिक कार्यक्रमासाठी बँडची निवड होती. संगीताचे सर खुर्चीत, बाकीची पोरं भिंतीला टेकून, फ्यूज लांब मागे आपल्या साउंडच्या टेबलापाशी. मी ऐटीत अ‍ॅम्प भिंतीला लावून ठेवला, गिटार जोडली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. ढम्मने काड्या आपटून चार मोजले. मी पहिली तार छेडली—

काहीच नाही.

आवाज वाढवला. सहा. आठ. दहा. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. भिंतीपाशी कुणीतरी फिसकन हसलं.

“मुंगी, वाजव की!”

मागून फ्यूज धावत आला. “थांब, मी बघतो—”

आणि मी... जिला तीन महिन्यांपूर्वी स्वतःची हजेरी नीट देता येत नव्हती, ती मी... सगळ्यांसमोर कडाडले, “हात लावू नकोस! बिघडलेला माल गळ्यात मारलास ना माझ्या? म्हणूनच विकत होतास! सर, ह्याने मला फसवलंय.”

काय तो खणखणीत आवाज! शेवटच्या बाकापर्यंत गेला. फ्यूजचा पुढे आलेला हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तो खिशात घातला.

सर म्हणाले, “खालच्या वर्गातल्या मुलांना असल्या वस्तू विकतोस? घेऊन जा आणि दुरुस्त करून आण. कार्यक्रमाच्या साउंडचं मी बाहेरच्या माणसाला सांगतो. तुझ्या भरवशावर नको.”

शाळेतलं त्याचं शेवटचं वर्ष, शेवटचा कार्यक्रम. तो “बरं सर” म्हणाला आणि अ‍ॅम्प छातीशी धरून निघून गेला.

सोमवारी त्याने अ‍ॅम्प परत आणला. सगळ्यांसमोर लावला, तार छेडली, खोली घुमली. “आतली एक वायर सुटली होती,” तो म्हणाला. “माझं लक्ष नव्हतं. चूक माझी.”

आणि मी काय म्हटलं असेल? लिहितानाही जीभ चावावीशी वाटते. मी हाताची घडी घालून म्हणाले, “पुढच्या वेळी विकायच्या आधी तपासत जा.”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आले. आई झोपलेली. हेडफोन घेतला आणि कनेक्टर शोधायला लागले. खणात नाही. उशीखाली नाही. गिटारच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात हात घातला तर वहीच्या कागदाची घट्ट पुडी लागली. उघडली. आत माझा कनेक्टर, आणि कागदावर एकच ओळ:

‘हेडफोन काढलास की हाही काढत जा. मागे राहिला तर तो गप्प बसतो.’

क्षणभर कळेना. मग मी अ‍ॅम्प लावला, आवाज अगदी एकवर ठेवला, तार छेडली. हळूच ‘डूम’. कनेक्टर मागच्या भोकात नुसता सरकवला... लाल दिवा तसाच. आवाज नाही. काढला. ‘डूम’.

शुक्रवारी सकाळी घाईत मी फक्त हेडफोन ओढून काढला होता. काळ्या भोकात काळा कनेक्टर, तोही भिंतीकडच्या बाजूला. मशीन बिचारं अजून हेडफोनमध्येच वाजत होतं. नसलेल्या.

मी पांघरुणात तोंड खुपसून बसले. शरम म्हणजे काय ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. वाटायचं, शरम म्हणजे गाल लाल होणं. तसं नसतं. शरम पोटात असते आणि थोड्या थोड्या वेळाने वर येते, ‘तपासत जा’, ‘तपासत जा’ असं माझ्याच आवाजात म्हणत. इतक्या वर्षांनी मला आवाज फुटला, आणि तो सगळ्यांसमोर पहिल्यांदा मी वापरला कुणावर? तर त्याच्यावर. आणि त्याने सगळं कळूनही सगळ्यांसमोर चूक स्वतःच्या अंगावर घेतली...

आई उठली. माझं तोंड पाहून म्हणाली, “कुणी मारलं का?”

“नाही. मीच मारलं.”

“लागलं का त्याला?”

‘त्याला’! मी तर नावही घेतलं नव्हतं. आयांना सगळं कसं कळतं?

“खूप,” मी म्हणाले आणि रडायलाच लागले. सगळं सांगितलं. आईने चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, “ओरडलीस तेव्हा किती जण होते?”

“सगळेच.”

“मग सांगतानाही तेवढेच हवेत.”

तरी दोन दिवस मी भित्र्यासारखी घालवले. जिन्यात तो दिसला की मी प्रसाधनगृहात. तोही आता पोराची चौकशी करायचा नाही. खाली बघून जायचा. गुरुवारी संगीताच्या खोलीत पोचले तर साउंडवाले काका आलेले, जाडजूड, कानामागे पेन्सिल, भिंती मोजत होते. आणि फ्यूज त्याचं स्वतःचं टेबल आवरत होता. एकेक केबल कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा गुंडाळून खोक्यात ठेवत होता. एखादं घर सोडताना सामान भरतात, तसं.

“सर!” मी म्हणाले. माझा आवाज किती बारीक आला म्हणून सांगू! घसा खाकरला. “सर, मला एक दाखवायचंय. सगळ्यांनी बघा, प्लीज.”

“आता काय झालं?” ढम्म कुजबुजली.

मी अ‍ॅम्प खोलीच्या मधोमध ठेवला, पाठ सगळ्यांकडे करून. त्याची पाठ, माझी नाही. मला तोंड दाखवावंच लागणार होतं. तार छेडली. ‘डूम’. खिशातून कनेक्टर काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि भोकात घातला. तार छेडली. शांतता. काढला. ‘डूम’.

“वायर सुटलीच नव्हती,” मी म्हणाले. “हा माझा कनेक्टर आहे. मीच आत विसरले होते. फ्यूजला घरी जाऊन कळलं आणि त्याने... त्याने खोटं सांगितलं, माझं हसं होऊ नये म्हणून. त्याने मला फसवलं नाही. मी त्याला चोर ठरवलं. सगळ्यांसमोर. म्हणून आता सगळ्यांसमोर...”

पुढचं वाक्य पाठ केलं होतं, नेमकं तेच आठवेना.

ढम्म फस्सकन हसली आणि सगळी खोली फुटली. “एवढासा तुकडा!” “मुंगीनेच हत्ती पाडला!” माझे कान जळत होते, डोळे भरले होते, पण मी पळाले नाही. उभी राहिले. शुक्रवारी तो असाच उभा होता.

साउंडवाले काका पेन्सिल काढून म्हणाले, “रडू नकोस गं ताई. मी तर एकदा माइकचं बटण चालूच केलं नव्हतं. पाहुणे पाऊण तास बोलले. टाळ्या पण पडल्या!”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “फ्यूज, केबल बाहेर काढ. काका, तुम्ही स्पीकर तेवढे द्या. टेबलावर हाच बसेल.” मग माझ्याकडे वळले. “आणि तू... पुढच्या वेळी ओरडायच्या आधी तपासत जा.”

माझंच वाक्य. सरांनाही अगदी तेच सापडावं!

बाहेर जिन्यात त्याने मला गाठलं. चिडला होता. खरंच चिडला होता.

“कुणी सांगितलं होतं तुला हे सगळं करायला? मी मिटवलं होतं ना!”

“तू स्वतःला मिटवलं होतंस. ते मला नको होतं.” मग एका दमात, “चुकले मी. फार चुकले. तू सोमवारी तिथेच का नाही रे सांगितलंस?”

तो कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला.

“दोन वर्षं बघतोय तुला,” तो म्हणाला. “सभागृहात शेवटच्या रांगेत, गिटारमागे लपलेली. मी माइक लावताना नेहमी वाटायचं, हिच्यासमोर एकदा ठेवून बघावा. आणि मग तू पहिल्यांदा मोठ्याने बोललीस. सगळ्यांसमोर. त्यावर लगेच ‘चूक’ म्हणून शिक्का मारायचा... जीव होईना.” मग हसू आलंच त्याला. “माझ्याविरुद्ध बोललीस, हे माझं नशीब.”

बघा, बोलायचं तेव्हा बरोबर कनेक्टर अडकतो.

कार्यक्रम झाला. आमच्या बँडची निवड झाली होतीच, मी वाजवलं. टेबलामागून तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला, पण टेबलावर त्याच्या बोटाची टिचकी माझ्या तारेच्या तालावरच पडत होती.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्याने मला संगीताच्या खोलीत बोलावलं. “पोराला घेऊन ये.” मी अ‍ॅम्प आणि गिटार घेऊन गेले. आवाजाच्या बटणापाशी त्याच्या पांढऱ्या ठिपक्याला चिकटून मी माझ्या नखांच्या रंगाचा लाल ठिपका लावला होता. त्याने तो पाहिला. बोट फिरवलं त्यावरून. कान लाल झाले. चला, एकदा तरी त्याचे!

मग त्याने खिशातून वहीच्या कागदाची पुडी काढली. घट्ट. तशीच.

“अजून काही विसरले का मी?”

“उघड तर.”

आत एक नवा कनेक्टर होता. एका बाजूला एक जाड पिन, दुसऱ्या बाजूला दोन बारीक भोकं. दोन हेडफोनसाठी.

त्याने तो मागच्या जागेत बसवला, एक हेडफोन माझ्या हातात दिला आणि एक स्वतःच्या गळ्यात अडकवला. आवाज चारवर, दोन्ही ठिपक्यांच्या मधोमध. मी आजूबाजूला पाहिलं. खोली रिकामी, दार सताड उघडं, मैदानावर पोरांचा गोंगाट. दहावर वाजवलं असतं तरी कुणी हटकलं नसतं.

“हेडफोन कशाला?” मी विचारलं. “इथे कोण झोपलंय?”

“कुणीच नाही,” तो म्हणाला.

...आणि खाली बघत, अगदी हळू, माझ्या हातातला हेडफोन माझ्या कानांवर चढवला.