शिकंज्याखालचं लाकूड

शिकंजा जागेवर नव्हता.

दसऱ्याची सकाळ. राजेश्वरीअक्का चहाचा कप घेऊन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्या, दिवा लावला आणि दारातच थबकल्या. जुनं सुतारी टेबल होतं तिथंच होतं. काल संध्याकाळी दिलेला जवसाच्या तेलाचा पहिला हात पिऊन सागवान गर्द झालं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रंग. पण पुढच्या पट्टीवर, जिथं लाकूड घट्ट धरणारा वजनदार लोखंडी शिकंजा असायचा, तिथं बोल्टांची नुसती भोकं उरली होती.

"आता गं बाई!" अक्का पुटपुटल्या.

धाराशिवला हवालदार म्हणून निवृत्त होऊन अक्का येरमाळ्याला आल्या, तेव्हा गावाला वाटलं बाई आता पोथी वाचत बसेल. बाईनं आणलं हे टेबल, भूमच्या रुद्रम्माकडून विकत. तिचे यजमान सिद्रामप्पा, सुतारकीत नावाजलेले. ते गेल्यापासून टेबलावर कोंबड्या बसत होत्या. पायाला वाळवी, फळीवर सरसाचे थर, शिकंज्याचे नट गंजून गच्च. अक्कांनी सरस खरवडला, फळी घासून काढली. सिद्रामप्पांच्याच हाताखाली शिकलेल्या मकबूलनं नवा पाय बसवला आणि रोज नटांवर डिझेल सोडलं. सण झाला की शिकंजा काढून साफ करायचा, असं ठरलं होतं.

"काय झालं अक्का?" शेजारचे बलभीमराव कुंपणावरून डोकावले. या माणसाच्या कानाला आणि तोंडाला देवानं झाकणच दिलं नव्हतं. उघड्या दारातून भोकं दिसताच ते म्हणाले, "मकबूल! दुसरं कोण? परवाच म्हणत होता न्हवं, शिकंजा मला द्या, बदल्यात नवा देतो म्हणून?"

"बलभीमराव, तोंड आवरा. बघितल्याशिवाय बोलू नका."

पण बलभीमराव कधीच वाटेला लागले होते. ते थेट हायवेच्या चहाच्या हॉटेलात जाणार, हे अक्कांना ठाऊक होतं. आज मकबूलच्या मुलीला, सिमरनला, बघायला बार्शीहून पाहुणे येणार होते. आधी दोनदा जुळता जुळता फिसकटलेलं. पाहुणे त्याच हॉटेलापाशी उतरणार. चोरीचा एक शब्द कानावर पडला की आल्या पावली परत!

चहा तसाच गार झाला. अक्का शेडमधून पडवीत, पडवीतून शेडमध्ये फेऱ्या मारत राहिल्या. शेडला कुलूप नव्हतं, नुसती कडी. कुणीही आत आलं असतं.

पडवीत शंभू केस विंचरत होता. शंभू म्हणजे रुद्रम्माचा मुलगा. काल दुपारी पिशवी बोटावर फिरवत एसटीतनं उतरला होता. "बापाचं टेबल हाय, तेलाला तरी माझा हात लागू द्या," म्हणाला, म्हणून अक्कांनी काम त्याच्यावर सोपवलं आणि त्या येडेश्वरीच्या दर्शनाला गेल्या. परत येईपर्यंत शेडला कडी लागली होती. मुक्कामाला तो पडवीतच होता.

"शंभू, शिकंजा गेला."

"काय सांगता!" कंगवा थांबला.

"तेल लावलंस तेव्हा होता?"

"व्हता की. त्याच्या भोवतीनं जपून लावलं. लोखंडाला थेंब लागू दिला न्हाय."

"नंतर कोण आलं?"

"मला न्हाय दिसलं कुणी. थकलो व्हतो, डोळा लागला." त्यानं पायानंच पिशवी खाटेखाली सरकवली. "अक्का, म्या निघू का? आई वाट बघत असंल."

"सणाचं उपाशी पाठवू व्हय तुला? पोळी खाऊन जा. बस."

एवढ्यात मकबूल आला. अंगात ठेवणीतला पांढरा सदरा, चेहरा मात्र उतरलेला. मागोमाग बलभीमराव, विजयी मुद्रेनं.

"अक्का, हॉटेलात लोक काय बोलायलेत ऐकलं का?" मकबूल दारातूनच म्हणाला. "शिकंजा म्या मागितला व्हता, खरं हाय. उस्तादांची आठवण म्हणून. तुम्ही न्हाय म्हणलात, विषय संपला."

"काल इथून कधी गेलास?"

"तुमच्यासमोरच की. हत्यारं पुजेला मांडली आन् गेलो."

"परत आला होतास?"

"सिमरनची शपथ, न्हाय. आन् येऊन काय करू? माझा पाना तुमच्या देवापुढं हाय."

"दुसरा नसंल व्हय तुझ्याकडं?" बलभीमराव खेकसले.

तेवढ्यात मकबूलचा फोन वाजला. घरून होता. ऐकून त्यानं फोन खाली घेतला. "पाहुणे आलेत. त्यांच्यातले मोठे विचारायलेत, बाप कुठंय आन् कसली चोरी म्हणून."

त्या बापाचा चेहरा अक्कांना बघवेना. बलभीमरावांच्या मुस्काटात एक ठेवून द्यावी, असं वर्दीत असताना असल्या माणसांबद्दल वाटायचं तसंच आज वाटलं. त्या तडक देव्हाऱ्यापाशी गेल्या.

काल खंडेनवमी. सिद्रामप्पांच्या हाताखालची सगळी मंडळी त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून देवापुढं ठेवायची, आणि मकबूलनं उस्तादांची ती रीत कधी मोडली नव्हती. पाटावर रंधा, करवत, पटाशी आणि लांब दांड्याचा पाना ओळीनं होते. काल दुपारी अक्कांनीच सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. मांडलेली पूजा दसरा होईतो हलवायची नसते.

"चुकलंमाकलं माफ कर आई," म्हणत अक्कांनी रंधा उचलून फुंकर घातली. कुंकू भुर्रकन उडालं. पटाशीवरचं उडालं, करवतीवरचंही. मग त्यांनी पाना उचलला. फुंकलं, झटकलं, कुंकू हलेना. बोटानं घासलं तर बोट लाल आणि चिकट झालं. अक्कांनी ते नाकाशी नेलं आणि पाना घेऊन पडवीत आल्या.

"शंभू, ती पिशवी उचलून माझ्या हातात दे."

शंभू उठलाच नाही.

"काल बोटावर फिरवत आणलीस, आज पायानं ढकलतोस. एका रात्रीत पिशवी एवढी जड कशानं झाली रं?"

"अक्का, त्याच्यावर कशाला आळ..." मकबूल मधेच बोलला.

"थांब, मला बोलू दे." अक्का खाटेवर बसल्या. "शेडमध्ये पाऊल टाकल्यापासून काहीतरी खटकत होतं, पण या बलभीमरावांनी टाळकं फिरवलं. टेबल कडेपासून कडेपर्यंत एकसारखं गर्द आहे. भोकांभोवतीसुद्धा! हा म्हणतो, शिकंज्याच्या भोवतीनं जपून तेल लावलं. मग शिकंज्याखालचं लाकूड कोरं, फिकट राहायला पाहिजे होतं. म्हणजे तेल लावलं तेव्हा शिकंजा तिथं नव्हताच. आधी निघाला, मग तेल लागलं."

बलभीमरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"मी देवीला गेले तेव्हा यानं देवापुढचा पाना घेतला. मकबूलच्या डिझेलनं नट सुटलेलेच होते. शिकंजा पिशवीत गेला, मग यानं टेबलाला तेल लावलं. नंतर पाना परत ठेवताना बघतो तर त्यावरचं कुंकू पुसलेलं. मला कळंल म्हणून करंड्यातलं बोटानं नवं लावलं, पण हात तेलाचे होते. बाकीच्यांचं कुंकू फुंकरीनं उडतंय, पान्याचं तेलात रुतून बसलंय. वास घ्या, जवसाचा आहे. काल दुपारी मी कुंकू वाहिलं तेव्हा तेलाचा डबा उघडलासुद्धा नव्हता. आणि मकबूलच्या हाताला तेल लागलंच नाही."

अक्कांनी खाटेखालून पिशवी ओढून उपडी केली. कपड्यांत गुंडाळलेला शिकंजा फरशीवर ठण्णकन आदळला. मुठीची दांडी सिद्रामप्पांच्या हातानं झिजून गुळगुळीत झाली होती.

"का रं?"

शंभूनं मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "माझा बाप व्हता तो! आन् समदं शिकवलं याला. मला म्हणायचा, तू शाळा शिक, हत्याराला शिवू नको. आईनं टेबल इकलं, मला इचारलं बी न्हाय. आन् परत त्याच्यावर याचाच हात फिरायलाय. एवढं तरी माझ्याकडं ऱ्हावं वाटलं मला."

"मग मागायचास. आणि याच्यावर आळ आला तेव्हा गप्प का बसलास? पोरीचं लग्न मोडत होतं!"

शंभूनं शिकंज्याकडं पाहिलं. मग उठला, पायात चपला सरकवल्या आणि कुणाला काही न विचारता मकबूलच्या घराची वाट धरली. अक्का आणि मकबूल मागोमाग निघाले. बलभीमरावांना अक्कांनी हॉटेलाकडं पिटाळलं, "जेवढ्या मोठ्यानं आळ घेतला, तेवढ्याच मोठ्यानं मागं घ्या."

मकबूलच्या दारात पाहुणे चपला घालून उभे होते. शंभू त्यांच्यातल्या म्हाताऱ्यासमोर गेला.

"शिकंजा म्या चोरला. सिद्रामप्पा सुताराचा पोरगा म्या. या माणसानं माझ्या बापाच्या एका खिळ्याला बी हात लावला न्हाय."

म्हाताऱ्यानं त्याला खालीवर न्याहाळलं. मग मकबूलकडं पाहिलं आणि चपला काढून पुन्हा आत जाऊन बसला. आतून कपबश्यांचा आवाज आला आणि अक्कांचा जीव भांड्यात पडला.

शंभू मात्र ओट्याच्या कडेला उन्हातच बसला. पोलिसांत देणार का, असं विचारायचंही त्याला सुचलं नाही. थोड्या वेळानं मकबूल चहा घेऊन बाहेर आला. कप त्याच्या हातात देताना म्हणाला, "खरं सांगू? लई राग आलाय तुमचा. पण एक इचारतो. शिकंजा काढल्यावर तेवढी जागा तशीच सोडली असती, तर तुमचं बोलणं खरंच वाटलं असतं. तेल का लावलं तिथं?"

"लाकूड कोरडं दिसलं," शंभू म्हणाला. "ऱ्हावलं न्हाय."

"उस्तादांचं बी असंच व्हतं. गिऱ्हाइकाला न दिसणारी बाजू बी कोरी सोडायचे न्हाईत." मकबूल त्याच्याशेजारी टेकला. "हात त्यांचाच हाय तुमचा. उद्या या. शिकंजा तुम्ही बसवा, म्या पाना धरतो."

शंभूनं कप खाली ठेवला आणि तोंड झाकून लहान पोरासारखा रडला.