घोडीवरची गाडी

मोटारदुरुस्तीच्या कामात ‘घोडी’ म्हणतात ती लोखंडाची एक ठेंगणी, तीन पायांची बैठक असते. जॅक गाडीला वर उचलतो. पण उचललेली गाडी दीर्घकाळ तोलून धरणे हे त्याचे काम नव्हे. ते घोडीचे. आसांखाली घोड्या लावल्या की चाके जमिनीपासून सुटतात, टायर बसत नाहीत, आणि गाडी वर्षानुवर्षे उभी राहू शकते. ‘उभी’ हा शब्द मी येथे सवयीने वापरला. माझ्या काकांची व्हॅन घोड्यांवर होती, एवढेच मला खात्रीने सांगता येईल. ती उभी होती का, हे मात्र तुम्ही ऐकून ठरवा.

व्हॅन लहानशी होती. दुधी रंग, खाली फिकट निळा पट्टा, गोल डोळ्यांसारखे दिवे, मागच्या बाजूला रुळावरून सरकणारे दार. काकांनी ती कोरी घेतली, आणि काका-काकूंनी तिच्यातून एकच प्रवास केला : गावाबाहेरचा पूल, निलगिरीची रांग, चढावरचे एक मोठे वळण आणि पलीकडे तळे. परतल्यावर काकांच्या डोळ्यांना धूसर दिसू लागले. डॉक्टरांनी गाडी चालवण्यास मनाई केली. काकांनी गाडी विकली नाही. घराखालच्या गॅरेजात ती घोड्यांवर चढवली आणि रोज संध्याकाळी दोघे तिच्यात बसून त्याच रस्त्याने जाऊ लागली.

हे मी अलंकारिक बोलत नाही. गाडीचे तोंड गॅरेजच्या आतल्या भिंतीकडे, जेमतेम हातभर अंतरावर असे. धूर बाहेर जावा म्हणून पाठीमागचे शटर उघडे. काका खरोखर इंजिन सुरू करीत, गिअर टाकीत, चाके हवेत गरगरत आणि वेगाच्या काट्याखालचे किलोमीटरचे आकडे सरकत.

“पूल आला,” काका म्हणत.

“मग हळू घ्या ना. मागच्या खेपेला माझं कंबरडं मोडलं होतं.”

“पुलाला सांग. मी काय करू?”

आणि काका खोकत. तो खोकला त्यांच्या आवाजाइतकाच त्यांचा होता. दर दोन वाक्यांमागे एकदा, जणू विरामचिन्ह. त्यांचा एक दंडक होता. वळणावरून गाडी फिरवायची, आल्या वाटेने घरी आणायची आणि मगच किल्ली काढायची. वाटेत इंजिन बंद करणे त्यांच्या हिशेबी बेजबाबदारपणा होता. मला तो म्हातारपणीचा पोरखेळ वाटे.

काका गेले ते त्या गाडीतच. मी सहज भेटायला गेलो होतो. इंजिन चालू होते, दिवे भिंतीवर पडले होते, आणि काकू त्यांचा गिअरवरचा हात धरून बसली होती. मी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केले.

“अरे थांब... अजून वळणावरच आहोत,” काकू म्हणाली.

दुःखात माणूस काहीही बोलतो, असे मी समजलो.

त्यानंतर दर रविवारी मी जाई आणि बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ इंजिन चालवी. काकू जिन्यात उभी राहून विचारी, “परत आणलीस का?”

“गेलो कुठं होतो, काकू?” मी हसून म्हणे आणि मध्येच किल्ली काढी.

मग तिच्या गुडघ्यांनी जिना नाकारला. वरच्या मजल्यावर ती अडकून पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की तिला खालीच राहायला हवे, आणि खाली जागा होती ती गॅरेजची. व्हॅन गेल्याशिवाय तेथे खोली होणार नव्हती. काकू एका शब्दानेही आडवी आली नाही. मी गाडी धुतली, काचा पुसल्या, छायाचित्रे काढली, ‘जुनी, जपलेली, अत्यल्प धावलेली’ अशी जाहिरात दिली. जुन्या गाड्यांचा शौक असलेले एक चित्रकलाशिक्षक ती घ्यायला तयार झाले. त्यांच्या वतीने मिस्त्री येऊन गाडी तपासून गेला.

“साहेब, टायरची नक्षी नवीकोरी आहे,” तो खालून सरपटत बाहेर येत म्हणाला. “आणि आकडा एवढा? मीटरशी खेळलात काय?”

मी त्याला खरे ते सांगितले. तो पोट धरून हसला.

“म्हणजे आजी बसल्या जागी जग फिरल्या! तिकिटाचा खर्च नाही, घाटात उलटी नाही. आमच्या घरच्यांना सांगतो, असंच फिरवतो त्यांना.”

त्या दिवसापुरती मी धरून खाली आणलेली काकूही हसली. उद्या सकाळी घोड्या काढायचे ठरले.

तो गेला तेव्हा दिवेलागण होत होती. मी शटर ओढायला वळलो.

“एकदा शेवटचं नेऊन आण,” काकू म्हणाली. जिना उतरताना धरलेला कठडा तिने अजून सोडला नव्हता.

“कुठं?”

“वळणापर्यंत. उद्या गाडी जाणार. मग कोण आणणार त्यांना?”

मी वाद घातला नाही. तिला धरून शेजारी बसवले. किल्ली फिरवली. इंजिनाने घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि ते लयीत आले. भिंतीवर दिव्यांची दोन घट्ट, पिवळी वर्तुळे उमटली. गिअर टाकला तशी खाली चाके फिरू लागली. त्यांची बारीक थरथर पायांतून वर आली.

“पूल,” काकू म्हणाली.

मी वेग कमी केला. तिच्यासाठी म्हणूनच.

“झाडं लागली... आता चढ.”

गिअर बदलला. इंजिनाचा आवाज जड झाला. चढावर होतो तसा. हवेत फिरणाऱ्या चाकांना चढ कसला, असे मनात आले. पण पाय मात्र आपोआप दाबला गेला.

“आता हळू... पुढं वळण आहे.”

“पुढं भिंत आहे, काकू.”

“समोर बघ.”

मी पाहिले. वर्तुळे आता घट्ट नव्हती. ती फिकट झाली होती, पसरली होती, जणू फार लांबच्या कशावर तरी पडत होती. उघड्या खिडकीतून माझ्या कोपराला वारा लागत होता. पेट्रोलचा वास केव्हा गेला, ते कळले नाही.

“दर रविवारी तू इथून सुसाट जातोस,” काकू अगदी हळू म्हणाली. “वर बसून मला ऐकू यायचं... उभे असतात रे तिथं. ब्रेक लाव.”

“काकू...”

“लाव!”

मी ब्रेक दाबला आणि दोघेही पुढे फेकलो गेलो. माझी छाती स्टीअरिंगवर आदळली. काकूच्या मांडीवरची पिशवी घरंगळून पायांशी पडली. घोड्यांवरच्या गाडीची चाके थांबली, तर आतला माणूस पुढे फेकला जात नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

पाठीमागे सरकते दार रुळावरून हलले. सावकाश. ज्याला घाई नाही, त्याने सरकवावे तसे. मागच्या स्प्रिंगा दबल्या, गाडीची पाठ किंचित खाली बसली. गार हवा आली आणि तिच्याबरोबर कित्येक दिवस पाण्यात राहिलेल्या कापडाचा वास. मग दार बंद झाले.

माझा हात किल्लीकडे गेला. काकूने तो धरला.

“पुन्हा नको. मागच्या वेळी तूच बंद केलीस... ते राहिले तिथं.”

“मागं कोण...”

“बघू नकोस. आता वळव. घरी चल.”

मी स्टीअरिंग फिरवले. आल्या वाटेने आलो. चढाचा उतार झाला, झाडे मागे पडली, पूल आला. काकू एकेक खूण सांगत होती आणि मी शाळकरी मुलासारखा तिचे ऐकत होतो. मागून काही आवाज आला नाही. शब्द नाही, श्वास नाही, साधा खोकलाही नाही.

“आलं घर. आता कर बंद.”

समोर भिंत होती, हातभर अंतरावर. मी किल्ली काढली. दार सरकले, स्प्रिंगा सुटल्या आणि गाडीची पाठ वर आली. काकू उतरली, घरात जाणारे दार उघडून बाजूला झाली आणि कुणी आत जाईपर्यंत थांबावे इतका वेळ ते तिने धरून ठेवले.

“या,” ती म्हणाली.

सकाळी मिस्त्री चित्रकलाशिक्षकांना घेऊन आला आणि त्याने घोड्या काढल्या. चाके जमिनीला टेकली. मग तो दिव्यांपाशी उकिडवा बसला.

“साहेब, काल काच आरशासारखी होती.”

दोन्ही दिव्यांवर चिलटे चिरडलेली होती, वेगात जाणाऱ्या गाडीच्या काचेवर चिरडतात तशी. काहींचे पंख अजून ओले होते.

“भिंतीकडे तोंड करून उभ्या गाडीला हे कुठनं लागलं?” त्याने विचारले. या वेळी तो हसला नाही. फडक्याने काच पुसली, चित्रकलाशिक्षकांना गाडीत बसवले आणि घेऊन गेला. गाडीबद्दल त्यांची आजवर एकही तक्रार नाही.

गॅरेजची खोली झाली. काकूची खाट गाडीच्या जागी आली, शेजारी काकांची जुनी खुर्ची. ही हकिकत तिनेच नात्यात सांगितली आणि आता ती माझ्यापेक्षा इतरांनाच अधिक चांगली सांगता येते. सांगणारे बहुतेक तपशील बरोबर सांगतात. पूल बरोबर, ब्रेक बरोबर, चिलटेसुद्धा बरोबर. चुकते ते एकच. ते म्हणतात, शेवटी काका घरी आले.

परवा संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो होतो. खोलीत एकच दिवा होता. काकू भिंतीला टेकून बसली होती, अंग चोरून, खाटेच्या अगदी पलीकडच्या कडेला. मला तिने खुणेने जवळ बोलावले.

“ती गाडी परत मिळेल का रे?”

“का गं? आता तर सगळं...”

“हळू बोल.” तिची नजर माझ्या मागे, खुर्चीवर होती. “इतके दिवस झाले... एकदाही खोकले नाहीत.”

मी वळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

“त्या दिवशी मी मागं बघितलंच नाही,” ती म्हणाली. “तू बघितलंस?”

मीही पाहिले नव्हते. उद्या शिक्षकांना भेटतो, एवढे कसेबसे सांगून मी जायला उठलो. आणि माझ्याबरोबरच त्या रिकाम्या खुर्चीची दबलेली गादी हळूहळू वर आली.