जैनोद्दीनचाचांचा कापसाचा हात

मी कंपाउंडर. थेंब मोजून औषध देणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पांनी माझं डोकं उठतं. तरी अठ्ठावन्न सालची ही हकीकत काही केल्या मनातून जात नाही.

बेंबळीजवळच्या आमच्या गावात जैनोद्दीनचाचा कापूस पिंजायचे. जन्मभर नाकातोंडात तंतू गेलेले, त्यातनं दमा जडला. धाप लागली की शिरेत इंजेक्शन द्यावं लागे, आणि दर बुधवारी डॉक्टर नळदुर्गला जात. उन्हाळ्यात अशाच एका बुधवारी मी चाचांची शीर तीनदा फोडली, हात काळानिळा केला. चौथ्यांदा कशीबशी लागली. मला रडूच आलं.

चाचा रागावले नाहीत. आठवड्यानं त्यांनी स्वतः केलेला एक हात आणून दिला. आत पिंजलेला कापूस, वर मेंढीचं मऊ कातडं, शिरेच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, तिच्यात लाल पाणी. मधोमध बांबूची कामटी, त्यामुळं सरळसोट, कोपरात न वाकणारा.

"बेटा, ह्याच्यावर शिक," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला माझा दम न्हाय टिकणार."

रोज दुपारी दवाखाना रिकामा झाला की मी तो हात कपाटातून काढून टेबलावर घ्यायचो. बाहेर लिंब सळसळायचा, डोळ्यांवर पेंग यायची. काही दिवसांनी ध्यानात आलं, कालची भोकं आज दिसत नाहीत. म्हटलं, कातडं आवळलं असेल. मग एकदा तो कोमट लागला. खिडकीतलं ऊन, दुसरं काय! एकदा मात्र सुई जवळ नेताच नळी जरा वर आली. मला भीती वाटली, पण टोचत राहिलो. चाचांना वाचवायचं होतं.

श्रावणात, नेमकं बुधवारीच, त्यांना बाजेवर घालून आणलं. ओठ निळे पडलेले. त्यांची बायको फातिमाबी पायाशी बसून नुसती माझ्या हाताकडं बघत होती.

मी दंडाला रबर आवळलं. सुई पहिल्याच खेपेला लागली. हळूहळू औषध सोडलं. श्वास मोकळा झाला.

मी टोचल्या जागी कापसाचा बोळा ठेवला आणि सगळ्यांना सांगतो तसं सांगितलं, "चाचा, हात दुमडून धरा."

हात दुमडेना.

"दुखलं का?"

"न्हाय. हात हाय असं वाटंनाच मला."

बोळा उचलून पाहिला. पांढराशुभ्र, कोरडा.

मी आत जाऊन कपाट उघडलं.

कापसाचा हात कोपरात दुमडलेला होता. मधे एक बोळा होता, लाल झालेला. मी तो काढू गेलो, तर हातानं आणखी आवळून धरला.