मंडईच्या दिवशी अडवलेलं दार

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्यासोबत नाकाडोंगरीला चला. दिवाळी होऊन गेली आहे, आज गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा आहे. पाळणे लागलेत, जिलेबीच्या कढया तापल्यात, दंडारीच्या खेळाची ढोलकी वाजते आहे आणि घराघरांत पाहुणे मावत नाहीत. अशा दिवशी एका घराच्या दारात कुणी बाई चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी असेल आणि आलेल्या पाहुण्यांना परत पाठवत असेल, तर तिच्याविषयी तुम्हाला काय वाटेल?

गावालाही तेच वाटलं. ती बाई म्हणजे नऊ वर्षांच्या मनालीची आत्या, सत्यभामा.

उंबरठ्यावर उभ्या सत्यभामेला मागच्या मंडया आठवत होत्या... बपेऱ्याहून, सासरहून ती माहेरी यायची, तेव्हा भावजय दामिनी पाण्याचा लोटा घेऊन दारात धावायची, तिच्या पायांवर पाणी ओतायची आणि म्हणायची, "बाई, तुमी आल्या की आमची मंडई लागली." आज तीच दामिनी आतल्या खोलीत पडून होती. रक्ताचा कॅन्सर... नागपूरच्या औषधांनी रोगाबरोबर तिची सारी ताकदही ओढून नेली होती. सध्या कुणाचा साधा खोकलासुद्धा हिच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सत्यभामेला आणि तिचा भाऊ अंकुश याला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"बाई, हे तिले सांगू नको. भेवानंच खचून जाईल ते," अंकुश रडत म्हणाला होता.

सत्यभामेने ते पोटात ठेवलं. दामिनीचं ताट वेगळं केलं, भांडी उकळून घेतली आणि दार अडवलं.

सकाळी दामिनीचा भाऊ भुपेंद्र जिलेबीचा पुडा घेऊन आला.

"आंगणात बसा भाऊ. आत नका जाऊ," सत्यभामा म्हणाली.

"कॅन्सर लागट नसते बाई. शाळेतल्या पोराले ठाऊक आहे, तुमाले नाही? माही बहीण वाळीत टाकली काय?" पुडा अंगणातल्या बाजेवर टाकून तो निघून गेला.

आतून दामिनीचा क्षीण आवाज आला, "म्हणूनच माह्यं ताट वेगळं... बाई, माह्या रोगाचं एवढं भेव वाटते, तर कायले राहता इथं? आपल्या घरी जा."

एका वाक्याने सारा गैरसमज मिटला असता. पण ते वाक्य ऐकून दामिनीच्या मनाचं काय झालं असतं... सत्यभामेने डोळे पुसले आणि ती पुन्हा दारात उभी राहिली.

दुपारी तिलाच खोकला आला. अंकुशकडे चूल सोपवून ती मुकाट्याने गोठ्यात गेली. दामिनीला वाटलं, बाई खरंच गेल्या.

सांजेला मनाली वासराला चारा टाकायला आली, तर आत्या तणसावर पडलेली, तोंडावर पदर.

"आत्या, तू गेली नाही? इथं कायले निजली?"

"दूरच थांब, मनू. मले खोकला आला."

"मग काय झालं?"

सत्यभामा आता थकली होती. "तुह्या मायचा रोग कोणाले लागत नाही, बेटा. आपला तिले लागते."

मनाली धावत आईच्या खिडकीबाहेर गेली आणि ते जसंच्या तसं बोलली. दामिनी उठून खिडकीचे गज धरून उभी राहिली. उकळलेली भांडी, वेगळं ताट, ते अडवलेलं दार... सारं आता निराळं दिसत होतं.

"अन् मी बाईले जा म्हटलं..." ती पुटपुटली. मग म्हणाली, "मनू, लोटा भर. मंडई आहे आज, अन् बाईच्या पायांवर अजून पाणी पडलं नाही."

मनालीने लोटा गोठ्याच्या तोंडाशी ठेवला. सत्यभामेने स्वतःच्याच हाताने पायांवर पाणी ओतलं. अंगणापलीकडे, खिडकीत, दामिनीने हात जोडले होते. दोघींचे डोळे वाहत होते... पण दोघींनाही जवळ येता येत नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. भुपेंद्र चार माणसं घेऊन परत आला होता, बहिणीला माहेरी न्यायला. आणि दारात तर कुणीच नव्हतं.

मनालीने साबणाने हात धुतले. सगळ्यांना पाय धुवायला पाणी दिलं, अंगणात सतरंजी अंथरली. मग ती दाराकडे गेली. तिचे हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना पुरेनात, म्हणून उंबरठ्यात आडवी बसली.

"मामा, इथंच बसा. माय खिडकीतून बोलते. आत यायचं, ते पुढच्या मंडईले."