गाडीघरातली चाळीस मिनिटं

चंद्रावरच्या शॅकलटन विवराच्या काठावरच्या तळावर दोनच माणसं होती. मृदुला बेंडाळे विद्युत्-अभियंता आणि धनेश नाईकवाडी भूशास्त्रज्ञ. तळाला चांद्रगाडी एकच, म्हणून एक दिवस मृदुला बाहेर जायची, एक दिवस धनेश. त्या दिवशी धनेश परतला तो तीन तास उशिरा.

"तीस किलोमीटरवर गाडी उठेचना," हेल्मेट काढत तो म्हणाला. "चेतक बॅटरी पार उतरलेली. शेवटी पोशाखाच्या बॅटरीवरून चालू केली." एवढं सांगून तो आपल्या खोलीत गेला. मृदुलाला दारात उभं राहून अजून काही विचारायचं होतं, पण तो दमला असेल म्हणून तिनं विचारलं नाही.

मुख्य यंत्रणेला जागी करायचं काम या छोट्या चेतक बॅटरीचं. आणि तिच्यावर नवीन भार एकच होता, तो म्हणजे समोरचं सगळं टिपून ठेवणारा, गाडीच्या काचेवरचा साक्षीकॅमेरा. दोन महिन्यांपूर्वी तो मृदुलानंच जोडला होता. चूक असलीच तर आपली, आणि त्या चुकीनं आज एक माणूस गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पृथ्वीवर चौगुल्यांना गाठलं. नियंत्रण केंद्रात यायच्या आधी त्यांनी वीस वर्षं कोल्हापुरात गाड्यांचं वायरिंग केलेलं. प्रत्येक उत्तर यायला तीनेक सेकंद लागत.

"कॅमेरा कुठल्या फ्यूजवर घेतलाय, मॅडम?"

"नऊ नंबर. मीटर लावून बघितलं होतं. चावी फिरवली की बारा व्होल्ट, बंद केली की शून्य. म्हणजे चावीबरोबर चालू, चावीबरोबर बंद."

"आता परत बघा. पण गाडीत बसून, दार लावून."

ती आत बसली. दार लावलं, चावी चालू करून बंद केली, आणि हात वाकडा करून मीटरची टोकं फ्यूजपेटीत टेकवली. मीटर बारा दाखवत राहिला.

"बंद होत नाहीये!"

"आता दार उघडा."

तिनं चालकाचं दार ढकललं. आकडा शून्यावर आला.

"तुम्ही फ्यूज शोधत होता तेव्हा दार उघडं होतं, बरोबर?" चौगुले म्हणाले. "त्याशिवाय पेटीपर्यंत नीट वाकता येत नाही. म्हणून तुम्हाला शून्य दिसलं. काही फ्यूज चावीवर मरत नाहीत, मॅडम. चालक दार उघडून उतरेपर्यंत ते जिवंत राहतात. माणसाला दिवा मिळावा, सामान गोळा करता यावं म्हणून. जुन्या मोटारींतही रेडिओ असाच चालायचा."

मृदुलानं एकेक फ्यूज तपासला, या वेळी दार लावून. चार नंबरचा चावीबरोबर लगेच मेला. तिनं कॅमेऱ्याची तार तिकडं हलवली, प्रवाह परत नेणारी काळी तार चौकटीच्या बोल्टला पुन्हा घट्ट आवळली आणि सुस्कारा सोडला.

"पण एक हिशेब लागत नाही," चौगुले जरा थांबून म्हणाले. "चावी बंद करून उतरायला माणसाला एखादं मिनिट लागतं. तेवढ्यानं बॅटरी उतरत नसते. मी कॅमेऱ्याच्या नोंदी काढल्यात. गाडी गाडीघरात आली, चावी बंद झाली, आणि कॅमेरा पुढं चाळीस मिनिटं चालू. समोर नुसती भिंत. रोजच असं. रोज थोडी थोडी उतरत गेली."

म्हणजे धनेश परत येऊन दार न उघडता बसून राहत होता. आत येण्यापेक्षा त्याला ती थंड गाडी बरी वाटत होती. मृदुलाला ते लागलं.

"मी त्याच्याशी बोलते," ती कोरडेपणानं म्हणाली.

तीन सेकंद गेले.

"मॅडम, रोज म्हणालो मी. तुमच्या पाळीच्या दिवशीही. पस्तीस मिनिटं, पन्नास. एकदा तर सव्वा तास."

आपणही गाडीत बसून राहतो हे तिला माहीत होतं. पण ते दोन-चार मिनिटं असतं असं ती धरून चालली होती. आत गेल्यावर जेवणघरातल्या दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडं बघायचं नसायचं, एवढंच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी धनेशची पाळी होती. दुपारी चांद्रगाडी परत आली, गाडीघराची झडप लागली, हवा भरली. मृदुला आधीच आतल्या दाराशी येऊन थांबली होती. धनेशनं चावी बंद केली आणि कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका लगेच विझला. तो मात्र उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून भिंतीकडं बघत राहिला.

तिनं पलीकडचं दार उघडलं आणि शेजारी येऊन बसली.

तो दचकला. मग विझलेल्या ठिपक्याकडं बघून म्हणाला, "तार बदललीस? म्हणजे कळलं तुला."

"माझंही कळलं. मीही बसते."

त्यानं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"मला वाटायचं, तुला एकटीला राहायला आवडतं," तो म्हणाला. "इथं बसून मी काय काय बोलायचं ते ठरवायचो. आत आलो की तोंडातून एवढंच निघायचं, जेवलीस का."

"रोज विचारायचास."

"आणि तू रोज हो म्हणायचीस."

"तुला माझ्यासाठी थांबायला लागू नये म्हणून," मृदुला म्हणाली. "जेवलेली नसायचे मी."